खालचं घर

ताईचं आधीचं आयुष्य नाटकाच्या पडद्यामागे गेलं होतं. रंगमंचावर लागणारं सगळं सामान तिच्या ताब्यात असे. पहिल्या अंकात पेला कुठे, दुसऱ्यात चष्मा कोणत्या खिशात, तिसऱ्यात खुर्ची किती कलती, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई. म्हणून तर तिला हे काम मिळालं. काम मात्र असं होतं की पहिल्यांदा ऐकणारा हसायचाच.

मंगळावर चार माणसं राहायला गेली होती. कायमची. त्यांचं घर वर जसं होतं, तसंच्या तसं एक खाली, शहराबाहेरच्या मोठ्या गोदामात बांधलं होतं. तेवढ्याच खोल्या, तीच दारं, तेच पलंग, भिंतीतल्या नळ्यासुद्धा त्याच. वर काही अडलं की आधी खाली तसंच अडवून बघायचं आणि उपाय सापडला की कळवायचा. त्यासाठी खालचं घर वरच्याशी रोज जुळवावं लागे. सकाळी वरून चित्रं येत. चित्रात खुर्ची भिंतीकडे गेलेली असली की ताई खालची खुर्ची भिंतीकडे नेई. वर कुणाच्या हातून टेबलाला पोचा पडला की खाली हातोडीने तेवढाच पोचा पाडायचा. दोन्ही घरांची चित्रं शेजारी ठेवली तर कुठलं कोणतं ते सांगता येऊ नये, इतकं ते जुळायला हवं.

वरच्या चौघांत एक ताईचा धाकटा भाऊ होता. बाकी कप्तान, त्याची बायको डॉक्टरीण आणि एक दगडमातीचा अभ्यास करणारा अबोल माणूस. धाकट्याकडे रोपघर होतं. तिथल्या मातीत मुळे आणि पालक उगवून दाखवायचा त्याने विडा उचलला होता.

"एवढ्या लांब जाऊन मातीच खायची होती, तर इथली काय वाईट होती?" आई म्हणाली होती. त्यानंतर तिने त्या विषयावर तोंड उघडलं नाही. मुलाला निरोप द्यायला गेली नाही, आणि ताईने किती बोलावलं तरी खालचं घर बघायलाही आली नाही.

लोक म्हणायचे, ताई भावाच्या वशिल्याने लागली. त्यावर ताई म्हणायची, "वशिलाच लावायचा असता तर त्याला इथे ठेवून घ्यायला लावला असता."

वरच्याशी बोलणं म्हणजे निरोपांची ये-जा. इथून काही विचारलं की उत्तर येईपर्यंत चहा होऊन कपबशा विसळून व्हायच्या. पण यायचं. धाकटा कधी मुळ्याचं पान कॅमेऱ्यासमोर धरायचा, कधी म्हणायचा, "ताई, तू पाडलेला टेबलाचा पोचा आमच्यापेक्षा सुबक आहे."

मग वर धुळीचं वादळ उठलं. तिथली वादळं सबंध ग्रहाला गुंडाळतात. चित्रं आधी मळकट झाली, मग तुटक, आणि एका दुपारी बंदच पडली. गोदामाच्या प्रमुख इंजिनियरबाईंनी, ज्यांना सगळे मॅडम म्हणत, ताईला बोलावून सांगितलं, "शेवटच्या चित्राप्रमाणे घर लावा आणि मग कशालाही हात लावू नका. संपर्क आला की तिथून पुढे सुरू करू."

शेवटच्या चित्रात टेबलावर पाण्याने भरलेला पेला होता, धाकट्याचा हिरवा स्वेटर खुर्चीच्या पाठीवर होता आणि रोपघराचं सरकतं दार अर्धवट उघडं होतं. ते दार ज्या पट्टीवरून सरकायचं ती मंगळावर जराशी वाकली होती. खालीही म्हाताऱ्या फिटरकाकांनी ती तेवढीच वाकवून ठेवली होती. ताईने सगळं लावलं, घराला कुलूप घातलं आणि किल्ली मॅडमकडे दिली.

आठवडा उलटला, संपर्क आला नाही. एका सकाळी ताई आणि फिटरकाका नेहमीची देखभाल करायला आत गेले. स्वेटर खुर्चीवर नव्हता. धाकट्याच्या झोपायच्या खोलीत, पलंगावर पडला होता. एक बाही उलटी.

"काका, तुम्ही उचललात?"

"मला कुठे थंडी वाजतेय?" काका म्हणाले.

दोघांनीही ते हसण्यावारी नेलं. ताईने स्वेटर परत खुर्चीवर टाकला. दुसऱ्या सकाळी तो पुन्हा पलंगावर होता, आणि त्याच्यासोबत चारही खोल्यांमधली पांघरुणं रोपघराच्या दाराशी येऊन पडली होती.

आता मॅडमना सांगणं भाग होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आतल्या कॅमेऱ्यांनी टिपलेलं पडद्यावर लावलं. तिघंही खुर्च्या ओढून बसले. रिकामं घर. बराच वेळ रिकामं घर. मग एका चित्रात स्वेटर खुर्चीवर होता आणि पुढच्यात नव्हता. मध्ये कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. पांघरुणांचंही तेच. मॅडमनी तो भाग परत परत बघितला आणि शेवटी पडदा बंद करून डोळे चोळले.

"मी एवढी वर्षं यंत्रांमध्ये काढली," त्या म्हणाल्या. "हे मला वरिष्ठांना सांगता येणार नाही. आणि खोटंही म्हणता येणार नाही."

"मग?"

"मग बघत राहू. तुम्ही आता काही जागेवर ठेवू नका, ताई."

घर आपणहून बदलत राहिलं. गाद्या खोल्यांमधून गेल्या आणि रोपघरात, रोपांच्या दोन रांगांमधल्या चिंचोळ्या जागेत, चिकटून चिकटून पसरल्या गेल्या. ताईला त्या मांडणीचा अर्थ लगेच लागला. घर तापवणारं यंत्र बंद पडलं की माणसं एका खोलीत गोळा होतात. रोपघराला स्वतःचं वेगळं यंत्र होतं. "चारही गाद्या आहेत," ती मॅडमना म्हणाली, आणि तिच्या आवाजात इतक्या दिवसांनी जरा जीव आला. चार गाद्या म्हणजे चार माणसं.

मग रोपघराचं दार बंद झालं. त्यानंतर बाहेरच्या खोल्यांत काहीच हललं नाही.

पहिल्या दिवशी त्याचं कुणाला काही वाटलं नाही. ऊब टिकावी म्हणून लावून घेतलं असेल. पण दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीही दार तसंच. फिटरकाकांनी ते सरकवून बघितलं. हाताने जोर लावला, मग खांद्याने. वाकलेल्या पट्टीत ते असं घट्ट रुतलं होतं की जणू भिंतच. धान्य आणि डबे सगळे बाहेरच्या कोठीत होते. रोपघरात पाणी होतं आणि चार मुठी पालक.

दाराला छातीइतक्या उंचीवर एक गोल काच होती. ताई वाकून तिथे डोळे लावून उभी राहिली. आत रोपं, दिवे, गाद्या, माणूस नाही. ती बघत असतानाच काच आतून धूसर होऊ लागली. कुणी जवळ येऊन श्वास सोडल्यासारखी, थांबून थांबून. मग त्या धुक्यात एक पंजा उमटला. तर्जनी अर्धीच होती. लहानपणी सायकलच्या साखळीत धाकट्याचं ते पेर गेलं होतं.

ताईने आपला तळवा बाहेरून काचेवर ठेवला. काच बर्फासारखी गार होती. "आहे रे मी," ती म्हणाली. पंजा हळूहळू ओघळून गेला.

त्या दिवशी तिघांची जी बोलणी झाली ती दाराशी उभ्यानेच झाली.

"दार कापू," फिटरकाका म्हणाले. "इथली पट्टी कापायला मला कितीसा वेळ लागणार?"

"इथली कापून तिथे काय होणार?" मॅडम म्हणाल्या.

"तिकडचं सामान इकडे हलतं," ताई म्हणाली, "तर इकडचं तिकडे हलणार नाही कशावरून? वाट काय एकेरी असते?"

मॅडमनी मान हलवली. "समजा हललं. पण दाराच्या या बाजूला वर हवा आहे का? वादळात बाहेरची भिंत फाटली असेल तर ते बंद दारच त्यांना जिवंत ठेवतंय. आपण उघडलं, तर आपल्या हातांनी चौघांना मारलं."

ताई मागे वळली आणि टेबलाशी जाऊन उभी राहिली, नुसती कुठेतरी बघायला हवं म्हणून. तिथे तो पेला होता, तिनेच भरून ठेवलेला. त्यातलं पाणी गोठलं होतं. गोदामात पंखे चालू होते, काकांच्या सदऱ्याला घामाचे डाग होते आणि पेल्यात काठोकाठ बर्फ.

"मॅडम, हे बघा."

मॅडम वाकल्या. पेल्याला बोट लावून त्यांनी ते झटकन मागे घेतलं. बराच वेळ त्या बर्फाच्या पातळीकडे बघत राहिल्या.

"गोठलंय," त्या सावकाश म्हणाल्या, "पण आहे. वरची हवा निघून गेली असती तर बर्फसुद्धा टिकला नसता, वाफ होऊन एव्हाना पेला कोरडा पडला असता. हे काठोकाठ आहे." त्या सरळ झाल्या. "गार आहे, पण हवा आहे. काका, घ्या कटर."

काकांनी चष्मा चढवला आणि पट्टीला कटर लावलं. ठिणग्या उडू लागल्या. लोखंडाच्या त्या किंचाळण्यात ताईला दुसराच आवाज ऐकू आला, म्हणून तिने काकांच्या पाठीला हात लावला. कटर थांबलं. आतून दारावर कुणीतरी ठोकत होतं. घाईने नाही, जसं आपण कुणाला 'ऐकू येतंय' म्हणून सांगतो तसं. काकांनी ओठ आवळून उरलेली पट्टी कापली.

दार सरकलं. आतून थंड हवेचा लोट आला आणि त्याच्यासोबत वास: ओल्या पानांचा, आणि कोंडून राहिलेल्या, अंघोळ न केलेल्या माणसांचा. तो वास त्यांच्या अंगावरून कोठीच्या दिशेने गेला. तिघंही नकळत भिंतीला टेकले, कुणाला वाट द्यावी तसे. रोपघरात कुणी नव्हतं.

सकाळी कोठीतले डबे उघडे होते. रिकामे नव्हते, नुसते उघडे. ताई खाली बसली आणि पोटभर रडली.

संपर्क आला तो काही दिवसांनी, भर दुपारी. चौघांचे चेहरे दिसले, गालफडं बसलेली, पण चौघांचे. सगळ्या कार्यालयात टाळ्या झाल्या. कप्तानाने अधिकृत निरोपात एवढंच सांगितलं की दार अडकलं होतं आणि नंतर सुटलं. वरिष्ठांनी तेवढंच लिहून घेतलं.

धाकट्याचा निरोप ताईसाठी वेगळा आला. तो कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येऊन बोलत होता. "दाराच्या फटीतून ठिणग्या आल्या, ताई. आम्हाला वाटलं, आता भ्रम होताहेत. दार सरकलं तेव्हा मी पहिला बाहेर आलो. तुम्ही तिघं भिंतीला पाठ लावून उभे होतात. काकांच्या कपाळाला काळं लागलं होतं. मी तुझ्या पुढ्यातून गेलो, तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. बाकीच्यांना कुणीच दिसलं नाही. डॉक्टरीण म्हणते, उपासमारीत असं होतं. मग तिला विचारलं, पट्टी कुणी कापली? तर ती उठून पट्टी बघायला गेली."

वर रोपघराची पट्टी कापलेली होती. कटरच्या तशाच तिरक्या खुणा. ताईला ती आता जुळवायचीही गरज नव्हती.

त्यानंतर गोष्ट थांबली असती तर बरं झालं असतं. पण एकदा उघडलेली वाट बंद झाली नाही. खाली ताई झाडू मारायची आणि वर जमीन स्वच्छ व्हायची. वर डॉक्टरीण कपाट आवरायची आणि खाली काकांनी उघडलेलं कपाट फटकन मिटायचं. एकदा वर कप्तान जेवत असताना त्याची खुर्ची मागे ओढली गेली. खाली मॅडम टेबलाखालची वायर बघत होत्या. कप्तान सभ्य माणूस, पण त्याचाही निरोप जरा चढ्या आवाजात आला.

शेवटी एकाच न्हाणीघराचे दोन भाडेकरू वेळा वाटून घेतात तशा वेळा वाटून घेतल्या. सकाळचा वेळ खालच्यांचा, बाकीचा वरच्यांचा. काका म्हणाले, "मंगळावर जाऊनही शेजाऱ्यांचा त्रास चुकला नाही म्हणायचा." ताई हसली, पण आत जाताना ती आता पाऊल आवाज न करता टेकवायची. डॉक्टरीण वर सांगायची की तिला पावलं ऐकू येतात, आणि ती त्या खोलीत एकटी बसत नाही.

वरिष्ठांच्या मनात आणखी माणसं पाठवायची होती आणि त्यासाठी जुनं खालचं घर पाडून मोठं बांधायचं होतं. मॅडमनी कारणांवर कारणं पुढे केली: अभ्यास अपुरा आहे, भिंती तपासायच्या आहेत. खरं कारण ऐकून कुणी त्यांना त्या खुर्चीवर ठेवलं नसतं. पाडायला येणारा माणूस पहिला घाव कुठे घालेल, या विचाराने त्यांची झोप उडाली होती. नशीब म्हणून त्यांचं ऐकलं गेलं; नव्या घराला दुसरी जागा मिळाली.

हे सगळं ताईने आईला सांगितलं नव्हतं. आई थकली होती, घरातल्या घरात भिंतीला धरून चालायची. एक दिवस तिने भाजी निवडता निवडता विचारलं, "तुझ्या त्या घरात त्याची खोली आहे म्हणतेस?"

"आहे."

"ने मला."

ताईने तिला सकाळच्या वेळी नेलं. आईने सगळं घर हिंडून बघितलं, धाकट्याच्या पलंगावरची चादर ओढून नीट केली आणि टेबलाशी आली. ताई खुर्ची पुढे करायला लागली तेव्हा म्हणाली, "या खुर्च्या त्यांच्या. मला ते स्टूल दे." रोपघरातलं बुटकं स्टूल ताईने आणून दिलं. आई बसली. शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर तिने सहज हात टेकवला आणि तसाच ठेवला.

"ही गरम आहे," ती म्हणाली.

ताई एक पाऊल मागे सरली. वरच्यांची ही वेळ नव्हती.

"घाबरतेस काय?" आई म्हणाली. "इथे बसलाय तो. खाल्लंस का रे? हाडं लागतात हाताला."

वरून निरोप आला तेव्हा धाकट्याला नीट बोलताही येत नव्हतं. तो ठरलेली वेळ मोडून उगाचच टेबलाशी येऊन बसला होता, म्हणाला. "दंडावर हात होता. ऊन ऊन."

त्यानंतर आई दर आठवड्याला जायची. स्टुलावर बसून शेजारच्या गोष्टी सांगायची, कोण भांडलं, कुणाचं लग्न मोडलं, ताई कशी हट्टी आहे. वर काही ऐकू जात नव्हतं. पण धाकटा त्या वेळी न चुकता तिथे बसायचा. इतकी वर्षं ज्या विषयावर तिने तोंड उघडलं नव्हतं, तो तिने तिथे एकदाच काढला. ताई दाराबाहेर होती, तिला तुटक ऐकू आलं: "...पोचवायला यायला हवं होतं. नाही आले मी."

थंडीच्या दिवसांत आई गेली. दुखणं फार झालं नाही, रात्री झोपली ती सकाळी उठली नाही. ताईने धाकट्याला स्वतः कळवलं. उत्तर यायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला, आणि आलं तेव्हा त्यात नुसता त्याचा चेहरा होता, शब्द नव्हते.

सगळं आटोपून ताई कामावर परत आली. मॅडम म्हणाल्या, "आणखी थोडे दिवस घ्या." ती म्हणाली, "घरी बसून भिंती बघायच्या, त्यापेक्षा या भिंती बऱ्या."

सकाळची चित्रं आली होती. तिने एकेक बघितलं. टेबलाच्या चित्रात रोपघरातलं स्टूल धाकट्याच्या खुर्चीला लागून, टेबलाशी ओढलेलं होतं. पोरगं आईची आठवण म्हणून तिची जागा मांडून ठेवतंय, तिला वाटलं. खाली तसंच असणार हे माहीत असूनही ती आत गेली. स्टूल टेबलाशी होतं, अगदी तेवढंच तिरकं.

बाहेर येऊन तिने निरोप पाठवला: "आईचं स्टूल मांडलंस ते बघितलं. बरं केलंस."

तिने चहा केला, प्यायली, कप विसळला. उत्तर आलं. धाकटा गोंधळलेला दिसत होता.

"मी नाही मांडलं, ताई. सकाळी उठलो तेव्हा होतंच. मला वाटलं, तू. कप्तानाला विचारलं, डॉक्टरणीला विचारलं. कुणी हात लावलेला नाही."

ताईने निरोप दोनदा ऐकला. मग मॅडमना न सांगता तिने कॅमेऱ्यांनी टिपलेलं लावलं. रिकामं घर. एका चित्रात स्टूल रोपघरात, पुढच्यात टेबलाशी. नेहमीसारखंच. फक्त या वेळी ते ना वरून हललं होतं, ना खालून.

ध्वनिक्षेपकातून मॅडमचा आवाज आला. "ताई, झालं का सगळं जुळवून?"

"हो," ताई म्हणाली. "जुळलंय."

ती घराचं दार लावायला गेली. आत दिवे चालू होते. तिने ते विझवले नाहीत, आणि दार ओढून घेताना कडीचा आवाज होऊ दिला नाही.